धाऊ, धावड, धावडशी

दगडातून लोखंड काढणाऱ्या माणसाला मराठीत स्वतःचं नाव आहे, आणि ते लोहार हे नव्हे. लोहाराच्या हाती लोखंड येतं ते तयार. तो ते तापवतो, ठोकतो, त्याचा फाळ करतो, विळा करतो. त्याच्या आधीचं सगळं काम दुसऱ्याचं असे: डोंगरात योग्य दगड ओळखायचा, तो खणायचा, फोडायचा, कोळसा पाडायचा, मातीची भट्टी रचायची, तासन्‌तास भाता चालवायचा आणि शेवटी लाल तापलेला गोळा बाहेर ओढायचा. हे काम करणारा तो धावड. जुन्या कोशांत हा शब्द आहे, इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरांत आहे. सातारा-कोल्हापूरचा घाटमाथा सोडला तर आज तो बहुतेकांना अर्थ सांगूनच द्यावा लागतो.

नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात तर या शब्दाची गरज पडण्याचं कारणच नाही. इथून जवळच वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या पट्ट्यात लोखंड कापणारे, वाकवणारे, जोडणारे कितीतरी गाळे आहेत. तिथली बोली एमएस, एसएस, अँगल, चॅनल, पत्रा अशी. लोखंड ट्रकमधून उतरतं. ते दगडातून कुणी आणि कसं काढलं हा प्रश्न त्या गाळ्यांत कधी येत नाही. तरीही धावड या शब्दाचं मूळ शोधायला निघायचं तर आचोळ्याहून सोयीची जागा नाही, कारण त्या मुळाचा सगळ्यात पवित्र अर्थ रेल्वेमार्गाच्या पलीकडे, नालासोपारा पश्चिमेला जमिनीत पुरलेला होता.

सोपाऱ्यात ज्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत, ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये खणलं. कोट नव्हताच, तो बौद्ध स्तूप होता. मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ छोट्या धातुमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात जेड दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले असावेत असं भगवानलालांनी मानलं. हे सारं पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेलं.

बौद्ध परंपरेत अशा पवित्र अवशेषाला काय म्हणतात? धातु. अस्थी असो, केस असो, पात्राचा तुकडा असो, तो धातु. हा धातु ज्याच्या पोटात ठेवला ते धातुगर्भ. पालीत धातुगब्भ, सिंहली भाषेत त्याचं दागब झालं आणि तिथून इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने आपल्याकडे ‘दागोबा’ आला. लेण्यांच्या माहितीत आपण हा शब्द वाचतो तेव्हा खंडोबा, विठोबा, म्हसोबा यांच्या रांगेतला कुणी देव डोळ्यांपुढे येतो. तो ‘बा’ मात्र आदराचा नाही, गर्भाचा आहे. दागोबा म्हणजे धातूचं पोट.

संस्कृतात धातु हा धा म्हणजे ठेवणं, मांडणं या मुळाचा. जे तळाशी ठेवलेलं आहे, ज्यावर बाकीचं उभं राहतं, ते धातु. म्हणून शरीराला धरून असणारे रस, रक्त, मांस वगैरे सात धातू. म्हणून व्याकरणात क्रियापदाचं मूळ रूप तो धातू. आणि म्हणूनच पृथ्वीच्या पोटात असलेलं खनिज तोही धातू. या शेवटच्या अर्थाला संस्कृत कवींनी एक रंगही दिला. त्यांच्या काव्यात डोंगरावरचा ‘धातू’ म्हटला की बहुतेक वेळा गेरू असतो, लालभडक. हत्तींच्या अंगावर तो लागतो, पावसात ओढ्यांच्या पाण्यात उतरतो. धातू म्हणजे लाल दगड हा अर्थ कोशाच्या कोपऱ्यातला नव्हे, तो चांगला रुळलेला होता.

हाच लाल दगड पुढे मराठीत आला तो झिजून. शब्दाच्या मधला त किंवा द गळायचा हे प्राकृताचं नेहमीचं वळण: घात होता त्याचा घाव झाला, पाद होता त्याचा पाव झाला. तसंच धातुचं प्राकृतात धाउ आणि मराठीत धाऊ किंवा धाव. अर्थ, एक मऊसर तांबडा दगड. त्याला पुढे ड लागला, चाममधून चामडं आणि आतमधून आतडं करणारा तोच घरगुती ड, आणि धाऊशी ज्याचा रोजचा संबंध तो धावड झाला. धावडी म्हणजे लोखंडाचं, लोखंडासंबंधीचं. राल्फ टर्नर यांनी भारतीय आर्यभाषांचा जो प्रचंड तौलनिक कोश केला त्यात धातु या नोंदीखाली मराठीतल्या धाऊ आणि धावड यांना जागा मिळाली आहे. एका टोकाला सोन्याच्या करंडकातला अवशेष, दुसऱ्या टोकाला काळवंडलेल्या हातांचा रानातला माणूस, आणि दोघांचं नाव एकाच मुळाचं. मला ही व्युत्पत्ती फार मोलाची वाटते.

लाल रंगाची गोष्ट लोखंड या शब्दातही दडलेली आहे. लोखंड म्हणजे लोहखंड, लोहाचा तुकडा. पण लोह म्हणजे मुळात लाल. लोहित म्हणजे रक्तासारखं, हा त्याचाच भाऊ. शुक्ल यजुर्वेदाच्या अठराव्या अध्यायात धातूंची यादी येते: हिरण्य, अयस्, श्याम, लोह, सीस, त्रपु. इथे श्याम म्हणजे काळा धातू तो लोखंड, आणि लोह म्हणजे लाल तो तांबं, असाच अर्थ सहसा लावतात. पुढे काळाच्या ओघात लोह हे नाव तांब्याकडून लोखंडाकडे सरकलं. तांब्याने त्याचा सूड दुसऱ्या वाटेने घेतला म्हणायचं: आज लाल रंगाला आपण तांबडा म्हणतो, तांब्यावरून. म्हणजे लोखंडाच्या नावात तांब्याचा जुना रंग आहे आणि लाल रंगाच्या नावात तांबं स्वतः बसलेलं आहे.

आता तो दगड. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरला, पाचगणीच्या टेबललँडवर, खाली दक्षिण कोकणात पुष्कळ ठिकाणी जांभा आहे. बेसॉल्टचा काळा पाषाण लाखो वर्षांच्या पावसाने कुजला, त्यातलं विरघळणारं ते वाहून गेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, तो हा जांभा. महाबळेश्वरच्या वाटा लाल का, बुटांना तिथली माती का चिकटते, त्याचं उत्तर हेच. सगळ्या जांभ्यातून लोखंड निघत नाही. धावडाचं पहिलं कौशल्य म्हणजे जड, लोहाने भरलेला थर नजरेने आणि हाताच्या वजनाने ओळखणं.

भट्टी लहान असे. अशा भट्ट्यांची रीत देशात बहुतेक ठिकाणी सारखीच होती. मातीचं नळकांडं, खाली एक तोंड, तिथे मातीची नळी आणि नळीला भाता. भाता हा संस्कृत भस्त्रेचा, म्हणजे कातड्याच्या पिशवीचा. वरून कोळसा आणि फोडलेली धाऊ आळीपाळीने घालत जायचं. कोळशाचं काम दुहेरी: तो आच देतो आणि दगडातला प्राणवायू ओढून घेतो. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. शुद्ध लोखंड वितळायला सुमारे 1538 अंश सेल्सियस तापमान लागतं आणि मातीच्या या भट्टीत ते कधी येत नसे. फार तर 1200 अंशांच्या आसपास. तेवढ्यावर वितळायची ती मळी. ती खालच्या भोकातून वाहून यायची आणि आत उरायचा स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. तो ओढून काढायचा, गरम असतानाच लाकडी किंवा लोखंडी घणाने बडवायचा, आतली उरलीसुरली मळी पिळून काढायची, पुन्हा तापवायचा, पुन्हा बडवायचा. म्हणजे इथे गाळलं जातं ते लोखंड नव्हे, त्यातला मळ. तरी मराठी त्याला लोखंड गाळणं म्हणते. गाळणं हे गळणं या क्रियापदाचं प्रयोजक रूप. घाम गाळणं आणि अश्रू गाळणंही त्याच घरातलं. या कामाला हे क्रियापद दोन्ही अर्थांनी लागू आहे.

महाबळेश्वरच्या डोंगरावर ही भट्टी चालवणारे धावड मुसलमान होते. 1885 च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांचा उल्लेख येतो तो धंदा बंद पडल्यानंतरचा. कोल्हापूर संस्थानातही विशाळगड, पन्हाळा, भुदरगडच्या बाजूला लोखंड गाळण्याचा उद्योग होता आणि तोही त्याच सुमारास संपत आलेला. कारणं दोन. विलायतेहून लोखंडाच्या सळया आणि पत्रे स्वस्तात येऊ लागले. आणि जंगल राखीव झालं, 1878 च्या वनकायद्यानंतर तर पक्कंच. धावडाचा खरा कच्चा माल दगड नसून कोळसा होता. थोड्या लोखंडासाठी कितीतरी पट लाकूड जळायचं. झाड मिळेनासं झालं तिथे भाता थांबला. त्या माणसांचा धर्म इस्लाम, नाव मात्र वेदांपासून चालत आलेल्या शब्दाचं. शब्दाने त्यांना हुन्नरावरून ओळखलं, दुसऱ्या कशावरून नाही. आपल्या भाषेचा मला याबद्दल अभिमान वाटतो.

धावड संपले तरी गावांच्या नावांत ते शोधता येतात, पण तिथे सावध पावलं टाकावी लागतात. रानात धावडा नावाचं झाड आहे, ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत जातो. ते संस्कृत धव या शब्दावरून आलं. धायटी नावाचं लाल फुलांचं झुडूप आहे, त्यालाही काही भागांत धावडी किंवा धावशी म्हणतात. ते धातकीवरून आलं. म्हणजे धावडी नावाच्या एखाद्या वाडीत भट्टी असेल, डिंकाचं झाड असेल किंवा फुलांचं झुडूप असेल. आणखी एक धाव आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोहार जी लोखंडी पट्टी चढवतो तीही धाव. पट्टी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, शेणकुटांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. निवताना ती आखडते आणि चाकाला गच्च आवळते. धाव लोखंडाची असली तरी तिचं नाव धाऊवरून आलं नसावं. जमिनीवरून धावते ती धाव, हाच सरळ अर्थ घ्यावा. नुसता नाद जुळला म्हणून नातं जोडायचं नाही, हा शब्दांच्या कामातला पहिला नियम.

पोलादपूरबद्दल हा नियम विशेष आठवावा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर. वर धावडांचा डोंगर, खाली पोलादाचं गाव. गोष्ट आयती जुळते. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी या गावात आहे, त्यासाठी तर जरूर थांबावं. पण पोलाद हा फारसी शब्द, आणि फौलाद हे फारसीत माणसाचंही नाव असे. आग्र्यात शिवाजी महाराजांवर पहारा ठेवणारा कोतवाल फौलादखानच होता. पूर लागलेली गावं बहुधा माणसांच्या नावाने वसतात. म्हणून या नावावरून तिथे पोलादाचा कारखाना उभा करू नये.

मराठीला स्वतःचं पोलाद होतं, त्याचं नाव तिखे. तीक्ष्ण या शब्दावरून आलेलं. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगतात, त्यातल्या मधल्याची ही मराठी खूण. तलवारीच्या पात्याच्या उंची लोखंडाला गजवेल म्हणत. फारसी पोलाद आलं आणि तिखे मागे पडलं. तिखट मात्र राहिलं, जिभेवर.

धावडशी हे नाव मला धावडांचं वाटतं, आणि वसईकरांनी ते गाव बघायला जावं असं मनापासून वाटतं. सातारा तालुक्यातलं हे लहान गाव मराठ्यांच्या इतिहासात गाजलं ते ब्रह्मेंद्रस्वामींमुळे. चिपळूणजवळच्या परशुरामक्षेत्री ते आधी राहत. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर ते वर घाटावर आले, शाहू महाराजांनी त्यांना धावडशी दिली आणि ते धावडशीकर झाले. तिथल्या भार्गवरामाच्या आणि स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आजही लोक जातात. बाजीराव आणि चिमाजी अप्पा दोघेही त्यांना गुरुस्थानी मानत, त्यांच्याकडून कर्जही घेत. मे 1739 मध्ये वसईचा किल्ला पडला, तेव्हा त्या लढ्याची हकीकत चिमाजी अप्पांनी ज्यांना पत्राने कळवली त्यांत स्वामी होते. आमच्या किल्ल्याची बातमी लोखंड गाळणाऱ्यांच्या नावाच्या गावात वाचली गेली. 1745 मध्ये स्वामींनी तिथेच देह ठेवला. वसईच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा पुढे देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकरची घंटा लोक कौतुकाने बघतात. घंटेचा धातू टिकला, कारण तो वाजत राहिला. धावडांचं लोखंड नांगराच्या फाळात आणि घोड्याच्या नालात झिजून गेलं.

मला या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. लोहाराचे शब्द मराठीत घरोघर आहेत, धावडाचे नाहीत. प्रश्न ऐरणीवर येतो. ऐरण म्हणजे अधिकरणी, ज्याच्या आधारावर ठोकायचं ते. भाषण घणाघाती होतं.  माणूस एखाद्याचं पाणी जोखतो, आणि हे पाणी पात्याला तापवून पाण्यात बुडवून दिलेलं. स्वयंपाकघरातली सांडशी लोहाराचीच, संदंश म्हणजे दोन्हीकडून चावणारी. हे शब्द आले कारण लोहार गावात होता. तो बलुतेदार, त्याच्या भात्यापाशी सगळा गाव बसे, फाळ पाजवून घ्यायला आलेला कुणबी तिथे तास घालवी आणि लोहाराची भाषा घरी घेऊन जाई. धावड रानात होता. दगड, झाड आणि ओढा जिथे एकत्र मिळेल तिथे त्याची भट्टी, झाडं संपली की पुढचं रान. त्याच्या भट्टीशी कुणी गप्पा मारायला जात नसे. म्हणून त्याचे शब्द वर्तमानपत्रात आले नाहीत, म्हणीत आले नाहीत. आपल्याकडे लोखंडाचं प्रसिद्ध जुनं शहर नाही त्याचंही कारण हेच. भट्टी फिरती असेल तर शहर वसणार कसं?

विदर्भात एकदा असं शहर वसता वसता राहिलं. तेव्हाच्या चांदा, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या खनिजाची ख्याती मोठी. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांद्याच्या लोहखनिजावर अहवाल लिहिला तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला, आणि त्यातून त्यांच्या मनात पोलादाच्या कारखान्याने घर केलं. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही. शेवटी कारखाना साकचीला उभा राहिला आणि त्या गावाचं जमशेदपूर झालं. कोळशाने महाबळेश्वरचे धावड थांबवले, कोळशानेच चांद्याचं जमशेदपूर होऊ दिलं नाही.

धावडांच्या जागा आज बघायला जायचं तर पाटी कुठेही मिळणार नाही. एक खूण मात्र टिकते: कीट. भट्टीतून वाहून आलेली मळी गोठली की ती कीट, संस्कृतात किट्ट. काळपट, वजनाला जड, एका बाजूने काचेसारखी चकाकणारी, वाहत्या रसाच्या सुरकुत्या आणि हवेची बारीक भोकं अंगावर असलेली. तिला वैद्यकात मंडूर म्हणतात, मंडूरभस्म त्याचंच. ग्रंथ सांगतात की शंभर वर्षं जुना मंडूर उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठचा कनिष्ठ. वैद्याला जुनी कीट हवी असे आणि ती सापडे जुन्या भट्टीच्या उकिरड्यावर. लोखंड गाळणाऱ्याने फेकलेलं पंडुरोग्याच्या उपयोगी पडे. घाटमाथ्यावर फिरताना ओढ्याकाठच्या उतारावर असे काळे तुकडे एका जागी पुष्कळ दिसले तर थांबावं. खिशात लोहचुंबक असेल तर लावून बघावं, आत अडकलेल्या लोखंडामुळे पुष्कळदा ते धरतं. तुकडा उचलून आणू नये, कारण तो कुठे पडला आहे यातच त्याची माहिती आहे. जवळच्या वाडीत एखाद्या वयस्क आजोबांना किंवा आजीला त्या जागेचं नाव विचारावं, आणि त्यांच्या तोंडून येईल तसंच, शुद्ध न करता, लिहून घ्यावं.